अकरा मिनिटं चालणारी गाडी

७ जानेवारी

भाऊजींना सप्रेम नमस्कार.

तुम्हाला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा तुम्ही "हो, हो, छान" म्हणून ठेवून दिलात. मी सांगत होते की गाडी बंद पडते, आणि तुम्ही म्हणत होतात छान. मुलाकडे राहायला गेलेला माणूस इतका सुखात आहे की त्याला आता कशाचंच वाईट वाटत नाही, अशी मी समजूत करून घेतली आणि चौथा फोन केला नाही. पत्राला तरी "हो, हो" म्हणता येणार नाही.

हे गेले त्याला आता दहा महिने होतील. घड्याळांचं दुकान मी रिकामं करून मालकाला परत दिलं. हत्यारांची पेटी, डोळ्याला लावायचं भिंग आणि टेबलावरचा दिवा एवढं घरी आणलं. गाडी दारात उभी होती ती उभीच राहिली. तुम्ही गॅरेज बंद करून गेलात त्यानंतर तिला यांच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही.

आता तिला चालवायची वेळ आली आहे. लेक म्हणते, एवढी जुनी गाडी आणि एवढं जुनं घर एकटीनं सांभाळायचं कशाला. आमची बरीच वादावादी झाली आणि शेवटी असं ठरलं की १८ फेब्रुवारीला गाडीची सरकारी तपासणी आहे, तिथे गाडी स्वतःच्या चाकांवर गेली आणि पास झाली तर मी इथेच राहायचं. नाही तर गाडी भंगारात आणि मी तिच्याकडे. लेक वाईट नाही हो, जावईही चांगले आहेत. पण तिथे मला एक कपाट मिळेल आणि भाजी निवडायचं काम. रागाच्या भरात मी "कबूल" म्हणून बसले.

गाडीचं म्हणाल तर सकाळी सेल्फ मारून मारून जीव मेटाकुटीला येतो तेव्हा सुरू होते. मग छान चालते. आणि चालता चालता मध्येच गचकते, बंद. ढिम्म हलत नाही. थोड्या वेळानं काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू होते. तुमचा मित्र असाच रुसायचा, पण त्याचं कारण मला माहीत असायचं.

कळवा.
तुमची वहिनी


१५ जानेवारी

वहिनींना नमस्कार.

पत्र वाचून आधी हसलो, मग ओशाळलो. इथे घरात सारखी गडबड, नातवंडांचा दंगा, सुनेच्या मैत्रिणी, टीव्ही; फोनवर कोण काय बोलतं त्याचा पत्ता लागत नाही. राग मानू नका. मी इथे मजेत आहे. दिवसभर बोलणंच बोलणं चाललेलं असतं.

आता गाडीचं. डॉक्टर रोग्याला न बघता औषध देत नाही, पण मी देईन, कारण रोगी माझ्या ओळखीचा आहे. मात्र नीट उत्तरं द्या. सुरू झाल्यापासून किती मिनिटांनी बंद पडते? एकदम पडते की आचके देऊन? किती वेळ थांबल्यावर सुरू होते? टाकीत पेट्रोल किती आहे आणि कधी भरलेलं आहे?

तोवर दोन कामं करा. चारही प्लग काढून त्यांचा रंग मला कळवा. काळा, तांबूस की पांढुरका. आणि प्लगच्या वायरी जिथून निघतात त्या डब्याचं, डिस्ट्रिब्युटरचं, टोपण काढलंत की आत दोन बारीक टिकल्या एकमेकींना टेकतात आणि सुटतात, त्यांना पॉइंट म्हणतात. त्यांच्यातली फट बघायची. त्यासाठी सोबत एक कोरं पोस्टकार्ड पाठवतो आहे. मधोमध दुमडा. तेवढी जाडी अलगद आत गेली पाहिजे. माझी मापाची पट्टी गॅरेजच्या सामानाबरोबर गेली, पण उमेदवारीत मी पोस्टकार्डावरच शिकलो.

घाबरू नका. घड्याळजीच्या बायकोला हे जमणार नाही तर कुणाला?

तुमचा भाऊजी


२१ जानेवारी

भाऊजींना सप्रेम नमस्कार.

जमलं. पहिल्यांदा प्लगचा पाना उलटा फिरवत बसले आणि तुम्हाला शिव्या दिल्या, त्या परत घेते.

प्लग तांबूस आहेत, विटकरीसारखे. पॉइंट यांचं भिंग डोळ्याला लावून पाहिले. एका टिकलीवर खड्डा आणि दुसरीवर फोड होता. बारीक कानशीनं घासून सपाट केले, पोस्टकार्ड दुमडून फट लावली. भिंग लावलं की माझा उजवा डोळा आपोआप मिटतो. यांचाही मिटायचा. तीस वर्षं मी त्यावरून त्यांना चिडवलं.

मग यांचं मनगटी घड्याळ समोर ठेवून गाडी काढली. बरोबर अकरा मिनिटांनी बंद पडली. एकदम नाही, आधी दोन-तीन आचके दिले, ताकद गेल्यासारखी झाली, मग मेली. पंचवीस मिनिटं थांबले तेव्हा सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. अकरा आणि पंचवीस. तिसऱ्या दिवशीही तेच. घड्याळजीच्या घरात बिघडायचं तरी वेळेवर बिघडायचं, एवढं ती शिकली आहे.

ती पंचवीस मिनिटं मात्र फार मोठी असतात. रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या गोदामाजवळ, मी काच वर करून बसते. यांची पाठीची उशी मी शेजारच्या सीटवर काढून ठेवली आहे. येणारे-जाणारे वाकून बघतात. एकदा एका बाईनं काचेवर टकटक करून विचारलं, कुणाची वाट बघताय का? मी हो म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक.

पुढे काय करू ते लिहा. २८ दिवस राहिले.

तुमची वहिनी


२९ जानेवारी

वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. खड्डा आणि फोड! माझ्याकडे दोन वर्षं राबलेल्या पोरांना एवढं नीट सांगता यायचं नाही.

तुमच्या यांची एक गोष्ट सांगतो. ही गाडी तुम्ही घेतलीत तेव्हा तो रोज संध्याकाळी दुकान बंद करून गॅरेजवर यायचा. मी इंजिन सुरू करायचो आणि दोघं डोळे मिटून ऐकायचो. तो टिकटिक ऐकणारा, मी धडधड ऐकणारा. तो म्हणायचा, तिसरा ठोका किंचित उशिरा पडतोय. मी म्हणायचो, चूप बस, मिस्त्री मी आहे. आणि उघडून बघावं तर तिसऱ्याच सिलिंडरचा व्हॉल्व्ह सैल निघायचा. त्यानंतर मी त्याला चहा पाजायचो आणि मनातून जळायचो.

आता पुढचं. पॉइंटशेजारी बोटाच्या पेराएवढी एक डबी असते, तिला कंडेन्सर म्हणतात. ती गरम झाली की कधी कधी दगा देते, थंड झाली की शहाणी होते. ती नवी आणून बसवा. एकच स्क्रू आहे. बसवून झालं की कसं वाटलं ते सविस्तर लिहा, घाई करू नका.

पेट्रोलचं तुम्ही लिहिलं नाहीत. कधी भरलंय?

तुमचा भाऊजी


६ फेब्रुवारी

भाऊजींना सप्रेम नमस्कार.

डबी बदलली. स्क्रू हातातून निसटून इंजिनाच्या खालच्या पत्र्यावर पडला तो यांच्या लोहचुंबकानं काढला. तास गेला. गाडी सुरू केली. अकरा मिनिटं. पंचवीस मिनिटं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला असं तर होत नाही ना आपलं?

मला एक सुचलं आहे. तुम्ही वेळ सांगा, मी शेजाऱ्यांचा मोबाइल घेऊन गाडीत बसते, तुम्हाला फोन लावून इंजिनाजवळ धरते. तुम्ही आयुष्यभर ऐकूनच रोग सांगितलेत. अकरा मिनिटं ऐका आणि काय ते एकदाच सांगा.

मुलीनं माझ्यासाठी खोली रंगवायला काढली आहे. रंग कोणता हवा म्हणून विचारत होती. मी म्हटलं, अजून तपासणी व्हायची आहे. तिला वाटतं आईचा हट्ट आहे, आपोआप निवेल. रात्री अंथरुणावर पडल्यावर मलाही तसंच वाटायला लागतं. बारा दिवस राहिले. मला स्पष्ट सांगा भाऊजी, गाडी होणार आहे की नाही?

तुमची वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

फोनवर इंजिनाचा आवाज खोटा येतो. त्याच्या भरवशावर मी सांगणार नाही. शिवाय इथे घरात निवांत वेळ कुठे असतो?

आता कार्बोरेटर उघडा. आत एक तरंगती डबी असते आणि तिच्या टोकाला सुई. ती सुई बसते त्या भोकात कचरा अडकला की पेट्रोल कमी येतं. पत्र पोचेल तेव्हा हाताशी दोनच दिवस असतील हे मला कळतं आहे, पण काम अर्ध्या दिवसाचं आहे. धीर धरा. गाडी नक्की होणार. उघडल्यावर आत काय दिसलं ते भिंगातून बघून लिहा.

तुमचा भाऊजी


१८ फेब्रुवारी

भाऊजी,

कार्बोरेटर स्वच्छ होता. आत कचऱ्याचा कणही नव्हता.

आज सकाळी पावणेदहाला निघाले. तपासणीचं मैदान घरापासून चाळीस मिनिटांवर. अकरा मिनिटं चाल, पंचवीस मिनिटं बस, असं करत मी तिथे पावणेबाराला पोचले, आणि फाटकासमोरच्या रांगेत, पुढे चार गाड्या असताना, ती मेली. मागे सगळे भोंगे वाजवत होते. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. या वयात, भर रस्त्यात, लोकांसमोर.

मागच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला. त्यानं बॉनेटला हातही लावला नाही. सरळ मागे गेला आणि टाकीचं झाकण फिरवलं. ते निघेना इतकं घट्ट ओढलं गेलं होतं. निघालं तेव्हा सुस्स करून केवढा तरी आवाज झाला. वास घेऊन म्हणाला, "पेट्रोल जुनं आहे, पण जीव आहे. म्हणून सकाळी त्रास देत असेल." मग झाकणाच्या मधल्या भोकात टाचणी घातली, एक लाल खपली निघाली. म्हणाला, "मावशी, थोडं चालून मरते आणि थांबून जगते म्हटल्यावर कुणीही मेकॅनिक आधी हे झाकण बघतो. तुमच्या मेकॅनिकला हे ठाऊक नाही?"

गाडी एका झटक्यात सुरू झाली. तोवर एक वाजला होता आणि फाटक बंद झालं होतं. हातापाया पडून २० मार्चची तारीख मिळवली. ती शेवटची.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण वळसा तुम्ही घालायला लावलात. तुम्हाला ठाऊक नव्हतं असं मला सांगू नका. चाळीस वर्षं तुमचं गॅरेज मी पाहिलं आहे. माझं घर पणाला लागलं होतं आणि तुम्ही मला प्लगचे रंग विचारत बसलात.

आता पुन्हा लिहू नका.


१४ मार्च

वहिनींना नमस्कार.

लिहू नका म्हणालात तरी लिहितो आहे. चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं.

मला ठाऊक होतं. तुमच्या "अकरा आणि पंचवीस"च्या पत्रातच कळलं. टाकीतून पेट्रोल जाईल तशी झाकणाच्या भोकातून हवा आत यावी लागते. भोक बुजलं की टाकीचा श्वास कोंडतो आणि इंजिन उपाशी मरतं. थांबलं की कुठून तरी हवा झिरपते आणि पुन्हा जगतं. हे मला वयाच्या सोळाव्या वर्षी शिकवलेलं आहे.

वहिनी, मला ऐकू येत नाही. डावा कान गॅरेज बंद करायच्या आधीच गेला होता. एका गिऱ्हाइकाच्या गाडीला मी "उत्तम" म्हणून सोडलं आणि तिचं इंजिन त्याच आठवड्यात जाम झालं. खडखड मला ऐकूच आली नव्हती. म्हणून गॅरेज विकलं. मुलगा बोलावतो असं लोकांना सांगितलं, घड्याळजीलाही. उजवा कान इथे आल्यावर गेला. मशीन घातलं की भांडी ऐकू येतात, माणसं नाहीत. तुम्ही फोनवर काय म्हणालात ते मला तुमच्या पत्रातून कळलं.

घर भरलेलं आहे हे मी खोटं लिहिलं नाही. जेवायला सहा माणसं बसतात. सगळे बोलतात, हसतात, त्यांचं हसून झालं की मी हसतो. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणतात, काही नाही, नंतर सांगतो. ते नंतर येत नाही. त्यांचा दोष नाही, एकच गोष्ट चारदा सांगायला कुणाला वेळ असतो? आता मी विचारत नाही. सकाळी बाल्कनीत बसतो, खालून जाणाऱ्या गाड्यांच्या धुराचा रंग बघतो.

आणि तुमचं पत्र आलं. त्यातला शब्द न शब्द मला ऐकू आला. तुमचं चिडवणं, कानशीचा आवाज, काचेवरची टकटक. "झाकण उघडा" एवढं एका ओळीत लिहिलं असतं तर गाडी सुरू झाली असती आणि पत्रं बंद झाली असती. म्हणून मी कंडेन्सर लिहिलं. मग कार्बोरेटर लिहिलं. बाराच दिवस राहिले असं तुम्ही लिहिलंत तेव्हाही लिहिलं. त्याची मला लाज वाटते. माफी मागतो, ती दिलीच पाहिजे असं नाही.

एक विचारतो, उत्तर नाही दिलंत तरी चालेल. रस्त्याची धूळ लाल खपलीसारखी निघत नाही. ते भोक कुणीतरी मुद्दाम बुजवलेलं होतं. आणि पेट्रोल कधी भरलं हे मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तुम्ही नेमकं तेवढंच गाळलंत.

२० तारखेला जाताना झाकण अर्धा आटा सैल ठेवा.

तुमचा भाऊजी


२२ मार्च

भाऊजींना सप्रेम नमस्कार.

गाडी पास झाली. तपासणाऱ्यानं इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवायला लावलं. अकराव्या मिनिटाला मी श्वास रोखला होता. घरी येऊन मुलीला फोन केला. ती म्हणाली, खोलीला पिवळा रंग दिलाय, पाहुणी म्हणून तरी येशील ना? येईन म्हटलं.

महिनाभर मी तुमच्यावर जळत होते. कान गेल्याचं वाचलं आणि फोनवरचं ते "छान, छान" आठवलं. मग मला रडू आलं, माझ्यासाठी नव्हे. तरीही तुम्ही केलंत ते वाईट केलंत. हे मी एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा बोलायला नको.

आता माझं. ते भोक मी बुजवलं होतं.

हे गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी यांनी टाकी गळ्यापर्यंत भरून आणली होती. पुढे महिना गेला. एक दिवस गाडीपाशी उभी होते तर पेट्रोलचा वास आला. पाहिलं तर झाकणाला बारीक भोक. मला वाटलं, यांनी भरलेलं पेट्रोल इथून रोज थोडं थोडं उडून चाललंय. यांच्या पेटीत मेणाची गोळी होती, घड्याळातले बारीक खडे उचलायला ते वापरायचे. तिचा कण भोकात दाबला. वाफेनं मेण विरघळेल म्हणून वरून लेकीच्या जुन्या लाल नेलपॉलिशचे दोन हात दिले. पक्कं काम केलं अगदी. गाडी बंद पडायला लागली तेव्हा त्याचा याच्याशी संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. आणि तुम्ही पेट्रोलचं विचारलंत तेव्हा वाटलं, हा माणूस आता ते काढून नवं भरायला सांगेल. म्हणून गाळलं.

पण टाकी का भरली होती ते तुम्हाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तुमच्याकडे यायला निघणार होतो. न कळवता. हे म्हणत होते, फोनवर तो हल्ली विचित्र बोलतो, काहीतरी लपवतोय, जाऊन कानानं ऐकल्याशिवाय कळायचं नाही. बॅगा भरून झाल्या होत्या.

मी हिशोब केला. तपासणीत आणि माझ्या अकरा-अकरा मिनिटांत गेलं ते धरूनही तुमच्यापर्यंत पोचायला पुरेसं उरलं आहे. वर्षभर मी ते राखून ठेवलं, आता ज्या रस्त्यासाठी भरलं होतं त्याच रस्त्यावर संपू दे. परतीचं पेट्रोल तिथे मी भरीन.

पुढच्या रविवारी सकाळी सहाला निघते. दुपारी बाराच्या सुमाराला खाली फाटकाशी उभे राहा. हॉर्न वाजवणार नाही. आले की इंजिन चालूच ठेवीन, तुम्ही बॉनेटवर दोन्ही हात ठेवा. तुमचं ते दुमडलेलं पोस्टकार्ड बरोबर आणते आहे, तेलाचे डाग पडलेत पण एक बाजू कोरी आहे. तिसरा ठोका वेळेवर पडतोय की नाही, ते त्यावर मला लिहून द्या.

तुमची वहिनी